केसाला धक्का

मान जरा खाली घे, सतुर्निना.
कानामागची एवढी बट पुरे.
मुळाकडचं टोक दोऱ्याने बांधते,
म्हणजे कुठला महिना कुठे, ते कळतं.

तू हसतेस. "मला काय झालंय, बाई?
केसालासुद्धा धक्का नाही."

चुलीवर तोच तवा.
काल फोर्तुनातोने त्यावर पारा उडवला,
सोन्याचा वाटाणा कागदात गुंडाळून
बाजार गाठला.
आज त्यातच तू केळी तळतेस.
वास आला? नाही ना.
आला असता तर बरं होतं,
निदान दार तरी उघडलं असतंस.

तो पत्र्याच्या आतून चिकटतो,
सरींबरोबर नदीत उतरतो.
मादरे दे दिओस. देवाची आई म्हणे.
तिच्या गाळात तो रूप पालटतो,
शेवाळात, किड्यात,
मग मोठा मासा छोट्याला गिळतो.
इथे ही म्हण नाही, खातेवही आहे:
प्रत्येकाचं देणं वरच्याच्या अंगावर.
आणि सगळ्यांच्या वर
ताटली घेऊन बसलेली यानेत,
वय वर्षं चार,
बटण लावताना बोटं चुकतात तिची.

तवा घराबाहेर न्या,
झाकण लावा, नळी लावा, वाफ पाण्यात सोडा.
मागच्या खेपेलाही हेच सांगितलं होतं.
"झाकणाचे पैसे?" फोर्तुनातो दारातूनच.
मी पाकिटावर तारीख लिहिते.

सतुर्निना यानेतला पुढे सरकवते.
"हिचेही घ्या.
पण पुढून नको हं,
रविवारी फोटो काढायचाय."