प्रगणन गट सतरा

उत्तरेला शेवरेखणची खाडी. दक्षिणेला करवंदीच्या जाळीत
बुडालेला हद्दीचा दगड. पूर्वेला सडा,
नुसता कातळ आणि मोबाईलचा मनोरा.
पश्चिमेला, तलाठ्याच्या अक्षरात: अरबी समुद्र.
शेजारी म्हणून लिहिलाय,
जसा कुणी गोताड, कुणी रेवाळे.

क्षेत्रफळ चारशे बारा हेक्टर.
ओहोटीचं की भरतीचं, मी विचारलं.
भाऊसाहेब हसले. "बाई, तुम्ही औशाच्या.
तुमच्याकडे जमीन जागेवर राहते."

गेरूचा डबा घेऊन निघाले.
एक, कुलूप. दोन, कुलूप.
तीन, कुलूप, पण तुळस ओली.
बाराव्या कुलपाच्या भोकात कुंभारीण माशीने
मातीचं घर बांधलंय.
बंद घरही मोजावं, असं पुस्तिकेत आहे.
कुंभारणीबद्दल काही नाही.

बाबल्या गोताड पायरीवर वेत सोलत होते.
"माणसं किती?"
"शिमग्यात चौदा. गनपतीत एकवीस."
"आत्ता?"
"आत्ता मी नि ही."
थोड्या वेळाने: "नि म्हस."

मोहल्ल्यात जुलेखाबी फणसोपकर.
मुलगा कुवेतला, अकरा वर्षं.
सहा महिन्यांवर बाहेर असला तर धरत नाहीत, मी म्हणाले.
त्या काही बोलल्या नाहीत. शुक्रवार होता.
आतल्या खोलीत जाऊन त्यांनी पंखा लावला,
पाच मिनिटं फिरू दिला,
गंजू नये म्हणून.
मी रकाना सोडून पुढे गेले, तरी
पंख्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता.

खारवीवाडीत पद्मी डोर्लेकर. जाळ्याची सुई तोंडात.
"त्या रात्री बारा वाजता तुमचे मालक कुठे होते?"
"एकवीस वाव पाण्यात."
"म्हणजे घरी नव्हते."
सुई काढून ती म्हणाली,
"जिता हाय ना? मग माज्या घरात धर."

वर हापूसच्या बागेत पत्र्याची शेड.
माझ्या शाळेच्या पटावर नऊ मुलं,
त्यातली पाच या शेडमधली.
खडक बहादूर राखण्या. धनमाया. दोन मुली.
आणि फडक्यात गुंडाळलेलं एक, अजून नाव नसलेलं.
कधी झालं? त्याच रात्री.
बाराच्या आधी की नंतर?
घड्याळ नव्हतं. मोबाईल मेलेला.
धनमायाला एवढंच आठवतं,
पाणी पुरतं भरलं होतं, गाज अगदी उशाशी,
आणि मग एकदम सगळं थांबलं.

मी परत उतरून पद्मीकडे गेले.
तिने बोटांची पेरं मोजली.
"पुनवेचे पंधरा, वर परतिपदा. सोळा.
सोळा पाऊण बारा."
बाराच?
"बारा. भरतीला मिनटं नसतात गो."

बाराच्या आधीचा माणूस गावात.
नंतरचा, अजून दहा वर्षं, कुठेच नाही.
सड्यावर बसले. वाऱ्याने कागद फडफडत होते.
मग लिहिलं: पुरुष. वय, पूर्ण वर्षे, शून्य.
जन्मस्थान: हेच गाव.
सबंध वाडीत हे उत्तर देणारं
या वर्षातलं एकटंच.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन.
औशातही मोजणारे येऊन गेले.
"तुझं नाव घातलं बरं का. सून आमची,
आमच्याच घरात."
मी काही बोलले नाही.
दोनशे तेरा. बेरीज दोनदा केली.
शाळेमागच्या खोलीला नंबर द्यायचा राहिला होता,
गेरू संपलेला.
खडूने लिहिला.
पश्चिमेकडचा शेजारी ओट्यापर्यंत येत नाही,
पण त्याचा दमटपणा येतो.
सकाळी आकडा वाचता येत होता,
थोडा.