रझियाचा जानेवारी

मोथ्याच्या घराचे महिने आम्ही तिघींनी वाटून घेतले होते,
ड्युटीचा तक्ता लावतात तसे, दाराच्या मागे, खडूनं.
ढोकेबाईंना मे. मला दसरा-दिवाळी.
जानेवारी रझियानं मागून घेतला.
वॉर्डातल्या उकाड्यात तीस वर्षं काढली,
आता मला जरा कुडकुडू द्या, म्हणाली.

ती होती तोवर नळांची काळजी नव्हती.
रात्री दोनला जाग यायचीच तिला, जुन्या सवयीनं.
उठून एकेक तोटी थोडी सैल करायची
आणि अंधारात थेंब मोजत बसायची,
सलाईनचे मोजायचो तसे.

मग मुलानं तिला भोपाळला नेलं.
गेल्या जानेवारीत घर रिकामं,
गवतावर मीठ सांडल्यासारखं दहिवर,
आणि मुन्शी कासदेकरचा फोन:
"बाई, मांगच्या भितीवरचा एल्बो उकलला,
बोंड उकलते तसा."
मी म्हटलं, गारठ्यानं? आपल्याकडे?
आम्ही उन्हानं तडकलेल्या टाक्या बदलणारी माणसं,
खाली परतवाड्यात सांगितलं तर हसतील.
तो म्हणाला, "पान्याले बी थंडीत
पाय पसराले जागा लागते.
तुमी ठेवलीच नाही."

यंदा डिसेंबरात त्यासाठीच वर गेले.
टाकीचा कॉक बंद केला.
न्हाणीतली तोटी उघडली, मोरीतली,
सगळ्यात शेवटी अंगणातली, उतारावरची.
पाणी संपलं तसा पाईपनं एक लांब श्वास सोडला.
असे श्वास ऐकलेत मी.
मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं.

मग कोपराला पट्टी.
गादीतला जुना कापूस नेला होता,
मुन्शीनं नाक मुरडलं: "हा दव पिते."
त्यानं कुटार भरलं, वरून युरियाची गोणी.
सुतळीचे वेढे मात्र मी घातले,
प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर चढवत,
बोट शिरेल एवढे सैल,
पहिल्या वर्षी रझियानं रागावून शिकवलेले.

तक्त्यावर जानेवारीसमोर अजून तिचंच नाव.
ढोकेबाई म्हणतात, पुसा, भाडेकरू मिळतील.
खडू संपलाय, मी म्हणते.
रविवारी भोपाळहून ती विचारते, "पडलं का गार?"
मी मुन्शीला विचारून ठेवलेलं सांगते,
पहाटे चारचं,
पलीकडे ती ते लिहून घेत असावी एवढी शांतता.

फेब्रुवारी संपता संपता कॉक उघडला.
आधी हवा खोकली, मग मातकट पाणी,
मग मोरीच्या तोटीतून ओला गोळा:
कुंभारणीनं आत घर केलं होतं.
"घ्या, कोनी तरी राह्यलं," मुन्शी म्हणाला.

कोपर कोरडा आहे.
अंगणातली तोटी गळते, वायसर बदलायला हवा.
मिनिटाला अकरा थेंब.