तून

डॉलार्टच्या खाडीपाशी देशाची हद्द म्हणजे एक चर.
गुडघाभर पाणी, त्यात बदकं.
नोव्हेंबरच्या वादळाने काठावरचे अकरा खांब पाडले
आणि डच बाजूने एप्पो, जर्मन बाजूने टाल्के
हातोडे घेऊन उतरले.

दुरुस्ती कुणाची, हा जुना वाद.
टाल्के म्हणते, त्साउन.
म्हणजे कुंपण. फळ्या, खिळे, मोजणीचा नकाशा.
एप्पो म्हणतो, तॉइन.
म्हणजे बाग. त्याचे लीक, त्याचा कोबी,
बायकोने लावलेलं सफरचंद
जे ती गेल्यावरच फळायला लागलं.
शब्द एकच आहे, मी म्हटलं.
मी भाडेकरू, दोरी धरायला आलेला.
कुणी ऐकलं नाही.

वाळुंजाच्या ओल्या फांद्या विणून केलेला आडोसा,
मुळात एवढंच असावं ते.
मग आडोशाने आतलं गिळलं.
कुंपणच शेत खातं, असं आपण चिडून म्हणतो;
या लोकांनी ते शांतपणे शब्दकोशात लावून ठेवलं.
समुद्रापलीकडे इंग्रजांकडे पोचेपर्यंत तर
पोटात चर्च, खाटीक, बँक, बसथांबा:
टाउन.
आइसलँडात मात्र बेताने जेवला.
तिथली सोलरून, टाल्केच्या गोठ्यात कामाला,
तिच्याकडे टून म्हणजे घरापुढचं खत घातलेलं गवत,
जिथे मेंढी शिरली की आई बूट फेकायची.
केल्टांकडे, म्हणे, गडच होता.
कुणी कुणाकडून घेतला?
पाणी चराच्या दोन्ही बाजूंनी झिरपतं.

नववा खांब ठोकताना टाल्केच्या अंगठ्यावर हातोडा.
शिवी आली ती जर्मन नव्हे, डचही नव्हे,
दोघांच्या लहानपणची, या सखल चिखलाची बोली.
एप्पो त्याच बोलीत हसला.
मग बराच वेळ दोघं तून, तून करत राहिले.
त्यात बाग कुठली आणि कुंपण कुठलं
मला कळेना.
त्यांना ते वेगळं करायची गरज नव्हती.

दहावा, अकरावा खांब तसाच राहिला.
आत कॉफी गार होत होती.

माझ्या भाषेत तून एकटा उभा राहत नाही,
त्याला टेकायला काहीतरी लागतं:
घरातून. चरातून.
न बसवलेल्या दोन खांबांच्या फटीतून
टाल्केची तांबडी कोंबडी
परदेशात गेली, लीक खायला.