फुलीवरची रेघ

शिवडीच्या गोदीतून आलेल्या पिंपाचा नमुना. ग्लिसरीन.
तुरंबेकर काचेवर एकच थेंब ठेवतात,
झाकण मिटतात, मान वाकवून
डोळा नळीला लावतात.
आत एक गोल: अर्धा उजेड, अर्धा काळोख.
मधली रेघ फुलीवर आणायची. बास, एवढंच काम,
एकतीस वर्षं.

माझगावच्या या खोलीत एसी गुरुवारपासून बंद. तीस अंश.
तापलं की द्रव जरा सैलावतो,
प्रकाश कमी वाकतो,
म्हणून तक्त्यात बघून थोडं वर मिळवायचं.

"एक पॉइंट चार सात दोन," ते म्हणतात. "शुद्ध आहे. लिही."

मी बघते. रेघ फुलीच्या बरीच खाली.
घुंडी फिरवते.
चार पाच आठ.
शंभरात दहा तरी पाणी.

काहीच बोलत नाही.
पहिल्या दिवशी यांनीच
बोरोसिलची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवून विचारलं होतं,
"आता काच कुठाय, सांग पाहू?"
वरची हवेत, खालची गायब.
मी वाकून, तिरकं होऊन, शेवटी
फरशीवर बसून शोधली होती.

"तुला किती दिसतंय?"

सांगते.
ते आपला आकडा खोडतात, शेजारी सही करतात,
स्पिरिटने काच पुसतात,
बाटलीतलं उरलेलं सवयीने कोपरांना चोळतात.
मग खिडकीकडे बघत,
"डावा तर जानेवारीतच गेला. उजवा बरा होता गं."

बीकरमध्ये आजही एक कांडी पडलीय, पूर्ण बुडालेली.
हात घातला की
बोटांना लागते.