चकवा, पु.

कार्डावर छापलेले चार रकाने: शब्द, लिंग, अर्थ, व्युत्पत्ती.
पहिले दोन मी बसमध्येच भरले.
चकवा. पु.
नागभीडच्या पुढं खडीचा रस्ता लागला,
अक्षरं तेवढी हलली.

लोनबले गुरुजी म्हणाले, चकणे या क्रियापदापासून.
मग चष्मा पुसत: नाही, चक्रापासून असावा,
माणूस गोल फिरत राहतो म्हणून.
मग दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले,
बोडीवर थंडीत पाखरांची जोडी यायची, तांबूस,
रात्रभर दोन काठांवरून एकमेकांना हाका मारायची,
त्यातल्या नरालाही चकवाच म्हणत.
खोडून टाका वाटल्यास.

बिजाबाई कोडापेला मी कार्ड वाचून दाखवलं.
'पु.' ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली.
"तेचं धोतर कोनं फेडून पायलं जी?
माह्या सासऱ्याले तो वासरू होऊन भेटला,
गळ्यात आमचीच घंटी.
मंग कंदील झाला. मंग माही सासू झाला,
अन् सासू तर तवा घरी भात रांधत होती."
सासरा उजाडेपर्यंत एकाच येनाच्या झाडाला फिरला.
बुडाशी गवत दबून खळं झालेलं
तिनं स्वतः पाहिलंय.

"मग सुटला कसा?"
"सदरा काढून उलटा घातला.
उलट्या मानसाले तो वरखत नाही."

तिसरा रकाना रात्रभर लिहिला, खोडला:
भूत. भास. हरवलेली वाट.
ओळखीचा आवाज, नको त्या दिशेनं.
लिहिलं की तो त्यातून उठून
पुढच्या शब्दात जाऊन बसलेला.

पहाटे मोहाखाली, कार्ड मांडीवर,
काहीच सुचेना तेव्हा
शब्दाचाच सदरा काढून उलटा केला,
शेवटचं अक्षर आधी:
वाकच.

समोर बिजाबाई वाकलेलीच होती.
अंधारात फुलं दिसत नव्हती,
तिच्या हाताला लागत होती, एकेक, टोपलीत.
म्हणाली, "बसला कावून?"
मी वाकलो. बोटं मातीवरून गेली,
पाल्यावरून, थंड, चिकट फुलांवरून,
आणि मध्येच एका ओल्या, कठीण पट्टीवरून
जिथं फूल नव्हतं, गवत नव्हतं,
पिढ्यान् पिढ्या पाय होते.

चौथा रकाना कोराच परत दिला.
नागपुरात साहेबांनी कार्ड उलटंपालटं केलं,
नाकाशी नेलं,
आणि अर्थ न विचारता विचारलं,
कुठलं गाव?