बुटांबाबत

क्यूच्या अभिलेखागारात शाईला बंदी.
शिसपेन्सिल तेवढी आत येते, आणि कोरडे हात.
करड्या स्पंजाच्या उशीवर फाईल निजवून देतात,
वर शिशाच्या मण्यांची माळ,
पान उठून बसू नये म्हणून.

मी आले होते वेगळ्याच कामाला.
चिठ्ठीवर आकडा चुकला, आली ही.
परराष्ट्र खातं, लंडन, अठराशे एकोणपन्नास.
एमस ट्रेगिअर, खलाशी, राहणार न्यूलिन,
मुक्काम कायाओ बंदराचा तुरुंग. कारण,
धक्क्यावरच्या शिपायाची टोपी पाण्यात पाडली.

टोपीवर अकरा पत्रं.
पहिल्या मसुद्यात 'मागणी करतो',
ते खोडून 'अपेक्षा बाळगतो',
तेही खोडून, वेगळ्या शाईत, 'खात्री वाटते'.
एवढ्याला नऊ दिवस.
मग जहाज, मग पनामाची खेचरं, मग पुन्हा जहाज.
तिकडून उत्तर, की दूतमहाशयांविषयी परम आदर राखून
कळवण्यात येते, टोपी सरकारी होती.

अक्षर दोन्हीकडचं देखणं.
प्रत्येक पत्राच्या तळाशी
'आपला अत्यंत नम्र, आज्ञाधारक सेवक',
आणि आज्ञा कुणीच कुणाची पाळत नाही.
हसायचं कशाला, आमचे चिटणीसही असेच.
फौज निघाल्याचं कळवायचं, आणि खाली
बहुत काय लिहिणे, आपण सूज्ञ असा.

सातव्या-आठव्याच्या मधे
एक पातळ कागद, चार घड्यांचा,
ओळी उजवीकडे उतारावर घसरलेल्या.
ग्रेस ट्रेगिअर, आई. सहीच्या जागी फुली,
लिहून देणारा कुणी दुसराच.
साहेब, जाण्याआधी त्याने सांगितलेले बूट
चांभाराने आणून दिले. पैसे मी भागवले.
विकू, का ठेवू?
धाकट्याला होतात,
पण त्याला न विचारता कसे देऊ.

कोपऱ्यात कारकुनाची नोंद: 'बुटांबाबत. उत्तर?'
खाली दुसरा हात: 'आवश्यक नाही.'

अकरावं पत्र खूप गोड आहे.
प्रकरण उभयपक्षी समाधानकारक मिटल्याचा आनंद,
उभय राष्ट्रांचा स्नेह, वगैरे,
आणि सहाव्या ओळीत, जाता जाता,
कैदी फेब्रुवारीतच तापाने गेला होता.
मी मागे जाऊन तारखा पाहिल्या.
फेब्रुवारीत इथे
'अपेक्षा' खोडणं चाललं होतं.

पार्लमेंटसाठी हे सगळं छापलं म्हणे, निळ्या वेष्टनात.
तेही मागवून पाहिलं.
पत्रं दहा. टोपी आहे. बूट नाहीत.

पावणेपाचला दिवे एकदा मिचकावतात.
फीत बांधली, माळ गुंडाळली,
बाहेर तळ्यावर बदकं कुणावर तरी ओरडत होती.
खिडकीतल्या मुलीने मान वर न करता विचारलं,
ही परत पाठवू,
का ठेवू उद्यासाठी?

माझं काम तर त्यात काहीच नव्हतं.
ठेवा, म्हटलं.