कंटाळवाणा कागद

उल्लापूलच्या धक्क्यावर तिकिटांच्या दोन खिडक्या,
एकीत डॉलिना, एकीत मी.
बोट एकदा सुटली की परत येईपर्यंत
आम्हाला काम नसायचं.
मी समुद्राकडे बघायचो,
ती तिकिटाच्या कोऱ्या रोलवर आकडे मांडायची.

दर मार्चात इन्व्हर्नेसहून अर्कर्टसाहेब यायचे,
कातडी फाइल, काठोकाठ शॉर्टब्रेडचा डबा.
जगातल्या चांगल्या कंपन्या आम्ही वेचून काढतो, म्हणायचे,
वाईट तर आम्हाला वासावरूनच कळतात.
आणि आमची फी? सगळं धरून
जेमतेम दीड टक्का.

दीड टक्का!
चहात विरघळलेला बिस्किटाचा चुरा वाटला मला तो.
मी सही केली.

डॉलिनाने विचारलं, "उद्या दुपारची बोट सुटेल?"
साहेब हसले. "ते वारा ठरवणार. मी कसं सांगू?"
"आणि पंधरा वर्षांनी कुठली कंपनी तरेल, ते?"
त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला.
तिने एक बिस्किट घेतलं.
सही केली नाही.

संध्याकाळी तिने रोल उलगडला, हातभर लांब.
महिन्याला दोनशे पौंड, तीस वर्षं,
वाढ वर्षाला पाच टक्के धरलेली. एकदा त्यातून दीड वजा,
एकदा शून्य पूर्णांक दोन.
खाली फरक, दोनदा अधोरेखित:
तेहतीस हजार.
"आवळा देऊन कोहळा ऐकला होता," ती म्हणाली,
"हा तर कोहळ्याचा मळाच नेतोय."

तिने घेतला तो साधा इंडेक्स फंड.
त्यात सगळ्याच कंपन्या, थोड्या थोड्या,
धडधाकट, आजारी, उद्या बुडणाऱ्यासुद्धा.
बाजार जाईल तिकडे त्याच्या मागोमाग,
पुढे नाही, फारसा मागेही नाही.
वर्षातून एक कागद यायचा घरी,
इतका कंटाळवाणा
की त्यावर ती चहाची किटली ठेवायची.

तिचा भाऊ टॉर्किल वेगळा.
त्याने सगळं एकाच सामनपालन कंपनीत घातलं.
चार वर्षं शेअर चढला, त्याने निळी व्हॅन घेतली,
आम्हा सगळ्यांना मूर्ख म्हणाला, तेही प्रेमाने.
मग माशांना उवा लागल्या.
व्हॅन गेली. हल्ली तो मेंढीचं मटण खातो.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात
मी अर्कर्टना सात फोन केले. साहेब मीटिंगमध्ये.
घाबरून मी अर्धं विकलं, अगदी तळाशी,
हे मला नंतर कळलं, तळ नेहमी नंतरच कळतो.
डॉलिनाने काही केलं नाही.
लोक आता सांगतात, काय तिचा धीर!
मी शेजारच्या खिडकीत होतो. धीर कसला,
दोन बोटींच्या मधे ती बाथरूममध्ये जाऊन ओकून आली होती.
महिन्याचे दोनशे तरी थांबव, म्हणालो मी.
म्हणाली, "त्यासाठी फॉर्म भरावा लागतो. चार पानी आहे."

ती रिटायर झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात
वादळाने तिच्या छपराच्या पाट्या उडवल्या.
तिने फंडातून लागेल तेवढं काढलं,
नवं छप्पर घातलं,
उरलेलं तसंच ठेवलं.
बस. एवढीच तिची गोष्ट,
सांगताना मलाच वाटतं, काहीतरी राहून गेलं.

मी अजून शनिवारी खिडकीत बसतो.
सदुसष्ट संपत आलं.
परवा चहाला गेलो तर किटलीखाली तोच कागद,
गोल गोल डागांचा.
"अर्कर्टला आजवर किती दिलेस रे?" तिने विचारलं.
चिडवत नव्हती. बोटीची वेळ विचारावी तसं.
"कधी मोजलं नाही," म्हणालो.

निघताना तिने खणातून एक कोरा रोल काढून दिला,
ऑफिसातून ढापलेला, पिवळा पडलेला.

कोटाच्या खिशात आहे तो.
पेन्सिलही आहे.